न थांबणारे मन आणि ‘शून्य मना’ची दंतकथा

समाजमाध्यमांवर सतत फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे: जपानचे समुराई, म्हणजे तेथील योद्धे, झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाचे साधक होते, झेनने त्यांना मन पूर्ण रिकामे करायला शिकवले, विचार थांबले की तलवार आपोआप चालते, त्यामुळे तंत्राच्या सरावापेक्षा ध्यानच महत्त्वाचे, आणि असे अनासक्त मन लाभल्यामुळे त्यांना मरणाचे भय उरले नाही, तसेच मारण्याचे ओझेही उरले नाही. यातील बहुतेक विधाने, ज्या परंपरेचा हवाला ती देतात, तिच्याच मूळ लेखनाशी विसंगत आहेत, आणि शेवटचे विधान तर घातक आहे. म्हणून त्यांचा मुद्देसूद प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

प्रथम मन रिकामे करण्याविषयी. तलवार आणि झेन यांच्या संबंधावरील सर्वांत प्रसिद्ध लेखन म्हणजे झेनच्या रिन्झाई शाखेचे भिक्षू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) यांनी शोगुनचे, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाचे, तलवार-शिक्षक याग्यू मुनेनोरी यांना अचल प्रज्ञेविषयी लिहिलेले दीर्घ पत्र होय. या पत्रात ताकुआन यांचे सारे लक्ष एकाच दोषावर आहे, तो म्हणजे मनाचे अडकणे. समोरून येणाऱ्या तलवारीवर मन खिळले तर हात हलत नाही आणि माणूस कापला जातो. प्रतिस्पर्ध्याला मारण्याच्या विचारावर खिळले तरी तेच होते, आणि आपण मारले जाऊ नये या विचारावर खिळले तरी तेच. यावर ते हजार हातांच्या कान्नोनचे उदाहरण देतात. हा कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, ज्याची अकरा मुखांची मूर्ती आपल्याकडे कान्हेरीच्या लेण्यात कोरलेली आहे. धनुष्य धरलेल्या एका हातावर मन थांबले तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निरुपयोगी होतील. ते कोठेच थांबत नाही, म्हणून हजारही हात कामाला येतात, असे ताकुआन सांगतात. अचलतेचा अर्थही ते स्पष्ट करतात. दगडासारखे किंवा लाकडासारखे निश्चल होणे त्यांना अभिप्रेत नाही. डावीकडे, उजवीकडे, दहाही दिशांना हवे तसे फिरणारे आणि तरीही कोठे न रेंगाळणारे मन त्यांना अभिप्रेत आहे. वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्रातील ज्या प्रसिद्ध वचनाचा ते आधार घेतात, तेही चित्त कोठेही न टेकता उत्पन्न व्हावे असे सांगते. चित्त नाहीसे व्हावे असे सांगत नाही.

मन बेंबीखाली एकवटावे, हा सल्लाही याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत दिसतो. ताकुआन यांच्यासमोर हाच प्रश्न होता आणि त्यांचे उत्तर निःसंदिग्ध आहे: साधनेच्या आरंभी हे चालेल, पण मन तेथे कोंडून ठेवले तर ते तेथेच अडकते आणि इतरत्र कामाला येत नाही. चिमणीचे पिल्लू पकडणाऱ्या मांजराला कायम दोरीने बांधून ठेवण्यासारखे हे आहे, असे ते म्हणतात. मांजराला असे वळण लागले पाहिजे की मोकळे सोडल्यावरही ते चिमणीवर झेप घेणार नाही.

दुसरा मुद्दा सरावाचा, आणि येथे मूळ लेखनाची सर्वाधिक मोडतोड झालेली दिसते. ताकुआन मान्य करतात की अगदी नवख्या माणसाचे मन कोठे थांबत नाही, कारण त्याला काहीच ठाऊक नसते; कोणी वार केला तर तो जमेल तसा अडवतो. पुढे तो पवित्रे शिकतो, तलवार कशी धरावी, नजर कोठे ठेवावी हे शिकतो, आणि त्या प्रत्येक गोष्टीवर मन अडखळू लागल्याने पहिल्यापेक्षाही अवघडून जातो. वर्षानुवर्षांच्या सरावाने या गोष्टी अंगवळणी पडतात तेव्हाच मन पुन्हा आरंभीच्या मोकळेपणाला पोहोचते. ‘विचार करणे सोडा’ म्हणणारे हा मधला सगळा प्रवास गाळून टाकतात. तत्त्व आणि तंत्र ही गाडीची दोन चाके आहेत, असे ताकुआन यांनीच त्या पत्रात लिहिले आहे. झेन आणि तलवार यांचा मेळ खरोखर घालणाऱ्या यामाओका तेस्शू (१८३६–१८८८) यांच्या व्यायामशाळेतील पद्धतही हेच सांगते. तेथे हजार दिवसांच्या सलग सरावानंतर पहिली कसोटी असे, आणि तीत शिष्याला एका दिवसात २०० लढती द्याव्या लागत. स्वतः तेस्शू यांना १८८० मध्ये जी उमज लाभली, तिच्यामागे ध्यानाबरोबरच कित्येक वर्षांचे तलवारीचे शिक्षण होते.

समुराई म्हणजे झेनचे साधक, हे समीकरण इतिहासात टिकत नाही. कामाकुरा काळातील (तेरावे शतक) सत्ताधारी होजो घराण्याने रिन्झाई मठांना मोठा आश्रय दिला हे खरे. केन्चोजी (१२५३) आणि एन्गाकुजी (१२८२) ही मंदिरे त्याची साक्ष आहेत. परंतु असंख्य योद्धे अमिताभ बुद्धाचा नामजप करणाऱ्या सुखावती पंथाचे किंवा निचिरेन या आणखी एका बौद्ध पंथाचे होते. तोकुगावा शोगुनशाहीचे संस्थापक इएयासू यांच्या निशाणावर ‘मलिन भूमीचा त्याग करा, सुखावती भूमीची आस धरा’ अशा आशयाचे शब्द होते, आणि ते सुखावती पंथाचे आहेत. तलवारीच्या अतिशय जुन्या परंपरांपैकी एक असलेली कातोरी शिंतो-र्यू ही शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानाशी जोडलेली आहे आणि तिच्यात गूढ बौद्ध मंत्र-मुद्रांचा वाटा मोठा आहे. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी यांनी तर आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगून टाकले की, बौद्ध किंवा कन्फ्यूशियन वचने आपण उसनी घेणार नाही.

हे तत्त्वज्ञान रणांगणावर घडले, ही समजूतही तपासायला हवी. ताकुआन यांचे पत्र आणि मुनेनोरी यांचा तलवारविद्येवरील १६३२ चा ग्रंथ हे दोन्ही १६१५ च्या ओसाका वेढ्यानंतरचे, म्हणजे देशातील मोठी युद्धे बहुतांशी संपल्यानंतरचे आहेत. त्याआधीच्या लढायांत धनुष्य, भाला आणि पुढे बंदूक यांवर मुख्य भिस्त होती.

आता मारण्याच्या ओझ्याविषयी. वार करणाराही शून्य, वार झेलणाराही शून्य आणि तलवारही शून्य, अशा आशयाची वाक्ये ताकुआन यांच्या पत्रात आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. पण ती कोणत्या प्रसंगात येतात? मुगाकू सोगेन हे भिक्षू चीनमध्ये मंगोल सैनिकांच्या हाती सापडले आणि शिरच्छेदासाठी तलवार उगारली गेली, तेव्हा त्यांनी म्हटले की, हा वार म्हणजे विजेच्या लखलखाटात वसंताचा वारा कापणे आहे. हे बोलणारा माणूस निःशस्त्र आहे आणि तलवारीखाली उभा आहे. त्याच्या निर्भयतेचे वचन उचलून मारणाऱ्याच्या हाती क्षमापत्र म्हणून देणे, हा त्या प्रसंगाचा विपर्यास आहे. शिवाय ताकुआन स्वतः जाब विचारणारे होते. शोगुनशाहीने मठांच्या कारभारात केलेल्या हस्तक्षेपाला विरोध केल्याबद्दल १६२९ मध्ये त्यांना हद्दपारी भोगावी लागली होती. याच पत्राच्या अखेरीस ते मुनेनोरी यांना खडसावतात: स्वतःचे वर्तन नीट नसताना मुलाला दोष देणे उलटे आहे, आपल्या नृत्यकौशल्याचा गर्व बाळगून सरदारांच्या घरी बळेच जाऊन नो हे पारंपरिक जपानी नाट्य करणे हा आजार आहे, आणि गोड वागणाऱ्या सरदारांची शोगुनपुढे तरफदारी करणे योग्य नाही. म्हणजे अडकलेल्या मनाची परीक्षा ते दरबारातील वागण्यातही घेतात.

विसाव्या शतकात झेनची हीच परिभाषा सैनिकांना प्रश्न न विचारता मरण्या-मारण्यास तयार करण्यासाठी वापरली गेली, आणि जपानच्या सोतो झेन पंथाने युद्धकाळातील आपल्या सहभागाबद्दल १९९२ मध्ये जाहीर क्षमायाचना केली. ज्यांना हा मजकूर पुढे पाठवायचाच आहे, त्यांनी मारण्याच्या ओझ्याविषयीचे वाक्य तरी त्यातून वगळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.