निम्मी अमेरिका घरी बसली नव्हती

अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जुना मेसेज हमखास वर येतो. या वेळी तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक न्यू जर्सीतल्या मावसभावाकडून, म्हणजे ज्याला खरं तर जास्त माहीत असायला हवं त्याच्याकडून. मजकूर थोडक्यात असा: २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प दोघंही लोकांना नको होते. म्हणून निम्मी अमेरिका मतदानाला गेलीच नाही. जे गेले त्यांतल्या नाराजांनी ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना मतं देऊन क्लिंटन यांना पाडलं. दोन्ही उमेदवार पक्षांनी वरून लादलेले होते. आणि तिथे आपल्यासारखा 'नोटा' असता तर चित्रच वेगळं दिसलं असतं. खाली जोडलेले हात आणि 'विचार करा'.

केला विचार.

पहिलं वाक्य खरं आहे, ते आधी मान्य करून टाकतो. गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या १९५६ पासूनच्या नोंदींत इतके नावडते दोन उमेदवार एका वेळी कधी समोरासमोर आले नव्हते. मतदानाच्या तोंडावर ट्रम्प यांच्याबद्दल प्रतिकूल मत असणारे ६१ टक्के होते आणि क्लिंटन यांच्याबद्दल ५२ टक्के. ट्रम्प समर्थकांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी पाहणीत सांगितलं होतं की आपलं मत ट्रम्पसाठी कमी आणि क्लिंटनविरुद्ध जास्त आहे. क्लिंटन समर्थकांतही अशांची संख्या निम्म्याच्या आसपास होती. गडबड सुरू होते ती यानंतर, 'म्हणून' या शब्दापासून.

निम्मी अमेरिका घरी बसली म्हणे. अध्यक्षपदासाठी त्या वर्षी १३ कोटी ६७ लाखांच्या आसपास मतं पडली. मतदानाला पात्र असलेल्यांपैकी साधारण ६० टक्के. त्याआधी २०१२ मध्ये, ओबामा आणि रॉम्नी यांच्या लढतीत, हे प्रमाण ५८ ते ५९ टक्के होतं. म्हणजे दोन नावडत्या उमेदवारांच्या वर्षी मतदान घटलं नाही, किंचित वाढलं. शिवाय १९९६ घ्या. बिल क्लिंटन लोकप्रिय, अर्थव्यवस्था जोरात, कुणाचं कुणाशी फार वाकडं नाही, आणि मतदान जेमतेम ५२ टक्के. उलट २०२० मध्ये ट्रम्प पुन्हा उभे होते, देश आणखी दुभंगलेला होता, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश पात्र मतदारांनी मतदान केलं. इतकं प्रमाण त्याआधीच्या शंभर वर्षांत कधी गाठलं गेलं नव्हतं. समोरचा निवडून येऊ नये ही भीती माणसाला घराबाहेर काढते. आपल्या गावच्या सरपंचपदाच्या चुरशीत हे कुणीही पाहिलं असेल.

मग ही अफवा आली कुठून? तीही पूर्ण हवेतली नाही. निकालानंतर दोन-तीन दिवसांतच 'वीस वर्षांतलं सर्वांत कमी मतदान' अशा बातम्या आल्या होत्या. त्या वेळी मोजणी संपलीच नव्हती. आपल्याकडे सकाळी आठला मतमोजणी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत गुलाल उधळून होतो, त्यामुळे मोजणी आठवडेच्या आठवडे चालू शकते हे आपल्या डोक्यातच येत नाही. कॅलिफोर्नियात टपालाने आलेली मतं नोव्हेंबर संपला तरी मोजली जात होती. क्लिंटन यांची देशभरातली आघाडी याच काळात वाढत वाढत २८ लाखांवर गेली (अध्यक्ष तरीही ट्रम्पच झाले, कारण तिथे निर्णय राज्यवार निवडकांच्या, म्हणजे राज्यांतर्फे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या, संख्येवर होतो). बातमी दुरुस्त झाली, फॉरवर्ड मात्र झाला नाही.

इथे एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, ती लपवत नाही. नाव नोंदवूनही मत न देणाऱ्यांना अमेरिकेचा जनगणना विभाग दर वेळी कारण विचारतो. २०१६ मध्ये त्यांतल्या सुमारे २५ टक्क्यांनी 'उमेदवार किंवा प्रचाराचे मुद्दे आवडले नाहीत' असं उत्तर दिलं. २०१२ मध्ये हे १३ टक्के होते. जवळपास दुप्पट. नाराजीने काही लोकांना घरी बसवलं हे खरंच. पण उरलेल्या ७५ टक्क्यांचं काय? कुणाला रस नव्हता, कुणाला कामातून वेळ मिळाला नाही, कुणी आजारी होतं. तिथे मतदान मंगळवारी होतं, १८४५ च्या कायद्यापासून. त्या दिवशी देशभर सुटी नसते. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देणं कायद्याने बंधनकारक आहे, तरी आपण लोणावळ्याला जातो तो भाग वेगळा.

शिवाय एकूण मतदान किंचित वाढलं तरी सगळ्या गटांत सारखं नव्हतं. गोऱ्यांचं मतदान थोडं वाढलं. कृष्णवर्णीयांचं २०१२ मधल्या ६६ टक्क्यांहून ६० टक्क्यांच्या खाली आलं. यात ओबामा मतपत्रिकेवर नसण्याचा भाग होताच. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची सक्ती अध्यक्षीय निवडणुकीला पहिल्यांदाच लागू झाली होती, त्याचाही विचार करावा लागतो. 'दोघंही नकोत' या एका वाक्यात हे सगळं कोंबता येत नाही.

आता स्टाइन. हा मुद्दा कागदावर सर्वांत पक्का दिसतो, आणि म्हणूनच तो मोडायला वेळ लागतो. निकाल तीन राज्यांनी फिरवला. मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी पुढे होते, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनियात ४४,२९२. तिन्ही मिळून ७८ हजारांच्या आत. स्टाइन यांना या राज्यांत अनुक्रमे ५१, ३१ आणि जवळपास ५० हजार मतं पडली. प्रत्येक ठिकाणी फरकापेक्षा जास्त. झालं, सिद्ध!

नाही झालं. याच तीन राज्यांत लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सनही उभे होते. जॉन्सन म्हणजे न्यू मेक्सिकोचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर. त्यांना मिशिगनमध्ये १ लाख ७२ हजार, विस्कॉन्सिनमध्ये १ लाख ६ हजार आणि पेनसिल्व्हेनियात १ लाख ४६ हजार मतं पडली. स्टाइन यांची मतं क्लिंटन यांच्या झोळीत टाकायची तर जॉन्सन यांची ट्रम्प यांच्या झोळीत टाकावी लागतील. मग फरक कमी न होता वाढतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एकच झोळी दिसली. खरं तर दोन्ही झोळ्या चुकीच्या आहेत. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं होतं की दोघंच उभे असते तर तुम्ही काय केलं असतं. स्टाइन आणि जॉन्सन, दोघांच्याही मतदारांत क्लिंटन म्हणणारे साधारण चौथा हिस्सा निघाले, ट्रम्प म्हणणारे त्याहून कमी, आणि निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की आम्ही मत दिलंच नसतं. उमेदवाराच्या मालकीची गठ्ठा मतं असतात ही आपल्याकडची समजूत इथे चालत नाही. (आपल्याकडे तरी कितपत चालते कोण जाणे.)

नाराजीने निकालावर खरा परिणाम केला तो दुसऱ्याच जागी, आणि तिचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही. एक्झिट पोलनुसार मत दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांना दोन्ही उमेदवार नावडते होते. हे लोक घरी बसले नाहीत, रांगेत उभे राहिले. त्यांनी मत कुणाला दिलं? ट्रम्प यांना ४७ टक्क्यांनी, क्लिंटन यांना ३० टक्क्यांनी. एक्झिट पोल हा अंदाजच असतो हे धरूनही हिशोब करून पाहा. १३ कोटी ६७ लाखांतले १८ टक्के म्हणजे अडीच कोटींच्या जवळ. त्यांतला १७ टक्क्यांचा फरक म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास मतं. स्टाइन यांची पन्नास राज्यांतली सगळी मतं गोळा केली तरी साडेचौदा लाखच होतात. दोघंही नकोत म्हणणारा मतदार तिसऱ्याकडे गेला त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात तो दोघांतल्या 'आत नसलेल्या' माणसाकडे गेला. क्लिंटन तीस वर्षं सत्तेच्या वर्तुळात होत्या, ट्रम्प यांनी कधी सरकारी पद भूषवलं नव्हतं. ज्याचा राग व्यवस्थेवर होता त्याच्या दृष्टीने हे दोन नावडते सारखे नव्हते.

आणि नाराज मताची किंमत राज्याराज्यांत वेगळी असते, हेही मावसभावाला सांगायला हवं. तो एडिसनला राहतो. न्यू जर्सीत क्लिंटन साडेपाच लाखांच्या जवळपास मतांनी जिंकल्या. तिथे त्याने स्टाइन, जॉन्सन किंवा स्वतःचं नाव लिहिलं असतं तरी पान हललं नसतं. शेजारच्याच पेनसिल्व्हेनियातल्या ईरी काउंटीने मात्र २०१२ मध्ये ओबामांना कौल दिला होता आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना, दोन हजारांच्या आतल्या फरकाने.

'उमेदवार वरून लादले' या वाक्यावर मला हसूच आलं. लादलेला उमेदवार म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. तिकीट दिल्लीहून येतं आणि एबी फॉर्म शेवटच्या दिवशी खिशातून निघतो. ट्रम्प यांच्याबाबत नेमकं उलटं घडलं होतं. रिपब्लिकन पक्षाचे सतरा इच्छुक होते, आणि चार वर्षांपूर्वीचे उमेदवार मिट रॉम्नी मार्च २०१६ मध्ये भाषण करून सांगत होते की यांना निवडू नका. पक्षाला नको होता तो उमेदवार प्राथमिक फेरीतल्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातल्या, मतदारांनी पक्षावर लादला. डेमोक्रॅटिक पक्षाचं वजन क्लिंटन यांच्या पारड्यात होतं, हे खरं. पक्षाचे अंतर्गत ईमेल फुटल्यावर पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्त्झ यांना जुलैत पद सोडावं लागलं. पण प्राथमिक फेरीत क्लिंटन यांना १ कोटी ६९ लाख आणि बर्नी सँडर्स यांना १ कोटी ३२ लाख मतं होती. हे अंतर पक्षाच्या कार्यालयात बसून तयार होत नाही.

तक्रार करायचीच असेल तर ती अशी करा: ट्रम्प आणि क्लिंटन या दोघांना प्राथमिक फेरीत मिळून तीन कोटींच्या वर मतं पडली, म्हणजे पात्र मतदारांतल्या साधारण सातातल्या एकाने हे दोन चेहरे ठरवले. बाकीचे तेव्हा आलेच नाहीत, किंवा त्यांना येता आलं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिलच्या प्राथमिक फेरीत मत द्यायचं तर पक्षनोंदणी (मतदार कुठल्या पक्षाचा, ही नोंद) बदलण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. ती मुदत हुकलेल्यांत ट्रम्प यांची मुलं इव्हान्का आणि एरिकही होती. वडिलांना मत देता आलं नाही.

राहिला नोटा. तो अमेरिकेत नाही हे म्हणणंच चूक आहे. नेवाडा राज्याच्या मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय १९७५ च्या कायद्यापासून आहे, आपल्या २०१३ च्या कितीतरी आधी. २०१६ मध्ये तिथे २८,८६३ लोकांनी तो निवडला. क्लिंटन यांचा विजय २७,२०२ मतांचा होता. म्हणजे 'कोणीही नाही' फरकापेक्षा मोठा ठरला, आणि काहीही बदललं नाही. सहाच्या सहा निवडक क्लिंटन यांना गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेवाडाच्या रिपब्लिकन प्राथमिक फेरीत तर इच्छुक उमेदवार निक्की हेली यांच्यावर या पर्यायाने ६३ टक्के मतं घेऊन मात केली (ट्रम्प त्या मतपत्रिकेवर नव्हतेच), तरी त्यातून पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी कुणालाच मिळाले नाहीत. मिशिगनमध्ये तसा पर्याय नाही, तर २०१६ ला तिथल्या ७५ हजारांच्या आसपास मतपत्रिकांवर अध्यक्षपदाची जागा कोरी होती. म्हणजे नोटाशिवायही लोकांनी नोटा केला. आपला अनुभव काय वेगळा आहे? २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून अधिक मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला आणि पहिला आलेला आमदार झाला.

नाराज मतदाराला खरोखर काही देणारा प्रयोग त्याच दिवशी, ८ नोव्हेंबर २०१६ ला, मेन या छोट्या राज्यात मतदानाला होता. तिथे २०१० मध्ये पॉल लपाज ३८ टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर झाले होते, आणि लोकांच्या मनातून ते गेलं नव्हतं. क्लिंटन आणि ट्रम्प यांच्यात निवड करायला आलेल्या मतदारांनी त्याच फेरीत एक सार्वमतही दिलं: पुढच्या निवडणुकांत आम्हाला उमेदवारांना पसंतीक्रम देऊ द्या. सुमारे ५२ टक्के 'हो' म्हणाले. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२० मध्ये मेनच्या लोकांनी अध्यक्षपदासाठी पहिल्यांदा तसं मत दिलं. आवडता हरणारा असला तरी त्याला १ द्या, आणि त्यातल्या त्यात बऱ्याला २. पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. केंद्रावर मिळतं त्या जांभळ्या स्केचपेनने आपण हेच आकडे लिहितो.