लेहला बसने की विमानाने? रंकाळ्याच्या कट्ट्यावरील वाद

ऑगस्टमध्ये लडाखमधील मारखा खोऱ्याचा ट्रेक करायचा, यावर रंकाळ्याच्या कट्ट्यावर कोणाचाही आक्षेप नाही. वाद आहे तो दिल्लीहून लेहला कसे पोहोचायचे, याचा. बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राला रजा मोजून मिळते आणि विमान दिल्लीहून साधारण दीड तासात लेहला उतरते, त्यामुळे त्याच्या मते इथे चर्चेला जागाच नाही. भूगोल शिकवणारे मास्तर मात्र बसवर अडून बसले आहेत.

मास्तरांचे म्हणणे असे, की समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास राहणाऱ्या कोल्हापूरकराने एकदम ३,५०० मीटरवर उतरणे हा शरीरावर अन्याय आहे. हिमाचल परिवहनची उन्हाळ्यात चालणारी दिल्ली–लेह बस मनालीमार्गे सुमारे १,००० किलोमीटरचा रस्ता कापते, वाटेत हिमाचलमधील केलाँगला थांबते आणि हळूहळू चढत गेल्यामुळे माणसाला विरळ हवेची सवय होत जाते. "चढ रस्त्याने चढावा, मर्दा," असे त्यांनी बँकवाल्याला सुनावले, तेव्हा तो काही काळ तरी गप्प बसला.

डॉक्टरांनी मास्तरांचा हा ‘हळूहळू’ मान्य केला नाही. त्यांच्या मते बस किती तास चालली याला फारसे महत्त्व नाही. रात्री आपण कोणत्या उंचीवर झोपतो, ते पाहायचे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दर रात्री ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. या हिशेबाने केलाँगला रात्रीचा मुक्काम केला, तर सरकारी बसचा रस्ता बरा ठरतो. केलाँग ३,००० मीटरच्या थोडे वर आणि लेह ३,५०० मीटरवर आहे. मधल्या दिवसात बारालाचा ला आणि ५,३०० मीटरच्या आसपासचा तांगलांग ला या खिंडी ओलांडाव्या लागल्या, तरी तिथे मुक्काम होत नाही. याउलट भाड्याच्या गाडीने निघालेले कित्येक गट पहिली रात्र त्याच वाटेवरील, सुमारे ४,३०० मीटरवरच्या सरचूच्या तंबूत काढतात. हाही रस्त्याचाच प्रवास, पण विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याची पहिली रात्र त्यापेक्षा ८०० मीटर खाली जाते. मला विचाराल तर वादाचा निकाल इथेच लागला होता, पण कट्ट्यावर निकाल लागला म्हणून वाद थांबत नाही.

एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले अण्णा तोपर्यंत नुसते ऐकत होते. करूळ घाटात गाडी लागणारे प्रवासी त्यांनी आयुष्यभर पाहिले आहेत आणि त्यांनी काढलेला मुद्दा डॉक्टरांनाही पटला. डोके दुखणे, मळमळणे आणि उलटी होणे ही गाडी लागल्याची लक्षणे, तशीच ती उंचीच्या त्रासाचीही. मग बसमधल्या माणसाला नेमके काय झाले आहे, हे शेजाऱ्याने ओळखायचे कसे? डॉक्टरांनी उत्तर दिले, की गाडी लागलेला माणूस खाली उतरून तासभर बसला की सावरू लागतो. मुक्कामाला पोहोचल्यावरही डोकेदुखी वाढत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर घाटाला दोष न देता त्याला तातडीने कमी उंचीवर न्यावे. उंचीच्या त्रासावरील डायमॉक्स ही गोळी मित्राच्या पिशवीतून मागून घेण्याची नाही, तब्येत दाखवून आधी विचारून घेण्याची आहे, हेही त्यांनी बजावले. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असे नाही.

बसमध्ये माणसे लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, ही अण्णांची दुसरी तक्रार. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून सुजवायचे आणि दोन रात्रींची अपुरी झोप घेऊन चढाईला लागायचे, याला त्यांचा विरोध आहे. प्रत्येक थांब्यावर उतरून चालावे आणि घाटाच्या दिवशी सकाळी तांबड्या रश्श्याची आठवणसुद्धा काढू नये, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या सूचनेवर कट्ट्यात नाराजी पसरली.

मग मास्तरांनीच नवा रस्ता काढला. श्रीनगरहून झोजी ला ओलांडून कारगिलला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी लेह गाठायचे. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे. शिवाय दरड कोसळून रस्ता बंद पडलाच, तर मनालीच्या वाटेवरील मोरे मैदानासारखे साडेचार हजार मीटरच्या वर अडकून पडण्याची भीती या बाजूला नाही. वाटेतील सर्वांत उंच खिंड फोटू ला, तीही ४,१०० मीटरच्या आसपास. डॉक्टरांना हा मार्ग सर्वांत जास्त पटला. मात्र बसने गेलो तरी लेहमध्ये दोन रात्री विश्रांती घ्यायचीच, कारण पुढे ट्रेकच्या वाटेवरील कोंगमारू ला ५,२०० मीटरच्या आसपास आहे, यावर ते ठाम राहिले.

बँकवाल्याने बोटांवर रजा मोजली. जाताना श्रीनगरमार्गे बसने जायचे आणि परत विमानाने यायचे, इतपत तो खाली उतरला. परतताना मनालीचा रस्ता पाहायचाच, असा मास्तरांचा हट्ट आहे. तोवर शरीर उंचीला सरावलेले असेल, म्हणून डॉक्टरांची त्याला हरकत नाही. अण्णांनी मात्र आताच सांगून ठेवले आहे, की बस कोणतीही असो, मागच्या चाकावरची सीट ते घेणार नाहीत.