जखम दिसली की व्हिब्रिओच, असं नसतंय दादा

दादा, माशांचे रोग कसे ओळखायचे या माझ्या पोस्टखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणायलेत, उदगीरला बसून समुद्रातल्या माशांचे रोग शिकवू नका, जिताड्याला जखम दिसली की व्हिब्रिओ जिवाणूच, अँटिबायोटिक द्यायचं अन् रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, लईच झालं तर मेलेला मासा बर्फात घालून लॅबला पाठवायचा. आमच्याकडं समुद्र नाही हे कबूल, नळाला पाणी आलं तरी लोक स्टेटस टाकतात. पण मत्स्य कॉलेज उदगीरलाच आहे, तिथं शिकून मी दोन वर्षं किनाऱ्यावर पिंजऱ्यातल्या माशांचंच काम केलंय.

व्हिब्रिओ समुद्राच्या पाण्यात असतोच असतो. जखमेवरून बोळा फिरवून टीसीबीएस प्लेटवर, म्हणजे व्हिब्रिओ उगवायच्या थाळीवर लावला की पिवळ्या-हिरव्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) येणारच, त्यावरून रोग ठरवणं म्हणजे मे महिन्यात लातुरात कुणाच्या शर्टावर धूळ दिसली म्हणून हा मातीत लोळला म्हणण्यासारखं आहे. सॅम्पल आतून घ्यायचं, डोक्याकडच्या किडनीतून नाहीतर स्प्लीनमधून (प्लीहा), तेही मरायला टेकलेल्या पण जिवंत माशाचं. मेल्यावर आतड्यातले जिवाणू काही तासांत अंगभर पसरतात, मग प्लेटवर जत्रा भरते अन् खरा आरोपी सापडत नाही.

माझीच फजिती सांगतो. तोंड सडलेले मासे आले होते, मी नेहमीच्या मीडियावर (जिवाणू वाढवायचं खाद्य) सॅम्पल लावलं, दोन दिवस काहीच उगवलं नाही, तर मी 'जिवाणू नाहीत' लिहून मोकळा. सिनियर मॅडमनी जखमेची कड खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली बघतो तर केसासारख्या लांब बारीक काड्या, हळूहळू सरकायलेल्या! टेनासिबॅक्युलम नावाचा जिवाणू. त्याला समुद्राच्या पाण्यात केलेला मीडिया लागतो, साध्यावर येतच नाही. मी चार दिवस मॅडमसमोर मान वर केली नाही.

रिपोर्ट येईस्तोवर मासे मरतात हे मात्र तुमचं बरोबर, पोस्टमध्ये मी ते लिहायला पाहिजे होतं. तेवढ्यासाठी ग्राम स्टेन करा, म्हणजे काचेवर जिवाणूंना रंग देऊन बघा, दहा मिनिटाचं काम, स्ट्रेप्टोकोकस (दुसरा एक जिवाणू) जांभळा दिसतो अन् व्हिब्रिओ गुलाबी. डोळे बाहेर आलेत, मासा गोल-गोल फिरायलाय, तर मेंदूतून पण सॅम्पल घ्या. अन् अँटिबायोटिक खाद्यातूनच देणार ना? आजारी मासा खाद्याला तोंड लावत नाही, खाणारे सगळे धडधाकट असतात.

बर्फातला मासा अगदीच वाया जात नाही, ताजा असेल तर किडनीचा तुकडा अल्कोहोलात ठेवा, पीसीआरला (जिवाणूचा डीएनए शोधायची टेस्ट) चालतो. त्यावर कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून बघायची टेस्ट, मागू नका तेवढं.