‘नाही’चा दाखला

माणसाला जन्माचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, अधिवासाचा लागतो आणि समोर धडधडीत उभा असला तरी पेन्शनसाठी हयातीचा लागतो, हे मला ठाऊक होतं. आयुष्यातले दोन उन्हाळे मी सेतू केंद्राच्या रांगेत काढले आहेत. पण ‘नाही’ या शब्दालाही दाखला लागतो, हे मला या मे महिन्यात कळलं.

त्याचं असं झालं. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात किंवा सोसायटीचे सचिव होतात. मी एका ऑनलाइन शब्दकोशात फुकट राबायला लागलो. काम म्हटलं तर सोपं. शब्द घ्यायचा, तो जुन्यात जुन्या छापील गद्यात कुठे आलाय ते शोधायचं, ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि खाली लेखक, पुस्तक, छापखाना, साल, पान लिहायचं. पहिल्या पंधरवड्यात मी ‘चाकरी’, ‘विहीर’ आणि ‘लबाड’ मार्गी लावले. मग नवतपा लागला, पारा सेहेचाळिसावर गेला, कूलरमधून गरम वारा यायला लागला, आणि मी ठरवलं की आता डोक्याला त्रास नको, पानोपानी सापडेल असा एखादा शब्द घ्यावा. ‘नाही’ घेतला.

“बरा शब्द घेतला,” आई म्हणाली. “लहानपणापासून तुला तोच येतो.”

जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं शोधयंत्रात घातली आणि ‘नाही’ टाकलं. शून्य. पुन्हा टाकलं. शून्य. अख्ख्या एकोणिसाव्या शतकात मराठी माणूस कशालाच नाही म्हणाला नाही, हे काही पटेना. चष्मा पुसून एक पान डोळ्यांनी वाचलं, तेव्हा उलगडा झाला. तिथे सगळीकडे ‘नाहीं’ होतं. डोक्यावर टिंब. घरांत, त्यांनीं, जें, तें, केलें. ‘कांहीं’ला तर दोन. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तोवर मराठी भाषा खसखस लावलेल्या अनारशासारखी दिसायची.

मी आनंदाने ‘नाहीं’चा दाखला ‘नाही’खाली टाकला. तासाभरात कोशाच्या तपासनिसाचा निरोप आला: “‘नाहीं’ ही नोंद वेगळी. ‘नाही’ असा मुद्रित दाखला हवा.” हे तपासनीस कुठले ते मला माहीत नाही. भाषेवरून आणि दुपारी एक ते चार निरोप येत नाहीत यावरून माझा एका शहरावर संशय आहे. मी लिहिलं, “अहो, शब्द तोच आहे.” उत्तर आलं, “तसा पुरावा?”

जात पडताळणीला ओबीसींकडे १९६७ च्या आधीचा कागद मागतात. ‘नाही’कडे त्याच्याही शंभर वर्षं आधीचा मागत होते, आणि तोही नावात टिंबाची चूक नसलेला.

मोल्सवर्थसाहेबाचा मला पहिल्यांदा हेवा वाटला. १८३१ साली त्याने केवढा थोरला कोश काढला, पदरी शास्त्री ठेवले, गावोगावचे शब्द गोळा केले. पण शास्त्रीबुवांनी शब्द सांगितल्यावर “पान नंबर?” असं त्याने विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मग मला आपल्या रघूजी भोसल्यांची वंशावळ आठवली. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील गद्य पुस्तकांपैकी एक. ती छापली मात्र बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीच्या मिशनच्या छापखान्यात, आणि मोडी लिपीत. नागपूरच्या राजाचा वंश कळायला कलकत्त्याच्या बाजूला जावं लागलं, ही आपली जुनीच रीत; अजूनही आपल्याला कुठल्याही कामाला आधी मुंबईलाच जावं लागतं. मी म्हटलं, मोडीत लिहिणारे टिंबांच्या बाबतीत आळशी, तिथे आपलं काम होईल. मोडी वाचणारे आमच्या ओळखीत एकच, पलीकडच्या गल्लीतले काकाजी, तहसीलीतून निवृत्त झालेले. जुन्या नोंदी शोधायचं काम निघाल्यापासून मोडीवाल्यांना असा भाव आलाय की काकाजींची वेळ घ्यावी लागते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पन्हं संपवलं आणि म्हणाले, “पण भाऊ, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कुठे पाळतेत? एकच वेलांटी राहते. तुमचा तो माणूस टिंब सोडून देईन, पण वेलांटीवर पकडीन ना तुम्हाला.”

काकाजींनी तपासनिसाला न भेटता ओळखलं होतं. मोडी सोडली.

आणि मग आठव्या दिवशी, रात्री सव्वाबाराला, तो सापडला. शिळाप्रेसवर छापलेली एक बोधकथांची चोपडी. (नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही शोधत बसाल आणि तुमच्या घरचे मला बोल लावतील.) शिळाछाप म्हणजे एखाद्या सुंदर अक्षराच्या माणसाने हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्यावरून काढलेल्या प्रती. त्यात पान ३१ वर, तळाकडून चौथ्या ओळीत, स्वच्छ, बोडका ‘नाही’. मी पडदा मोठा केला. टिंब नाही. आणखी मोठा केला. तरी नाही. घरातले सगळे झोपले होते, म्हणून मी कूलरकडे बघून हसलो.

आता वाक्य उतरवायचं. ते सुरू कुठे होतं? मराठीत विरामचिन्हं रुजवली ती मेजर कँडींनी, आणि माझ्या चोपडीच्या लेखकापर्यंत त्यांचा हात पोचला नव्हता. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम, दोन शब्दांत जागा सोडायचीही लिहिणाऱ्याला लहर लागायची. मी ‘नाही’पासून मागे मागे जात राहिलो. आधी एक व्यापारी भेटला, त्याच्या आधी त्याचा लोभ, त्याच्या आधी एक हत्ती, आणि हत्तीच्या आधी दीड पान उपदेश. मजकूर श्वास घेतच नव्हता. वाक्य हत्तीपासून तोडावं तर हत्ती अन्यायाने आल्यासारखा वाटे, व्यापाऱ्यापासून तोडावं तर ‘तो’ कोण ते कळेना. शेवटी मी हत्ती वगळला. अजून मनाला लागून आहे.

साल हा दुसरा घोळ. मुखपृष्ठावर फक्त ‘शके १७७९’. मी अठ्ठ्याहत्तर मिळवून १८५७ लिहिलं. आई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, “महिना कोणता?”

“महिना दिला नाही.”

“मग अर्धा पौष उलटल्यावर छापलं असेल तर अठ्ठावन्न नाही का होणार? शके चैत्रात बदलतो, तुमचं साल जानेवारीत.”

कोशाच्या चौकटीत चारच आकडे मावतात. मी १८५७ ठेवलं आणि आईला सांगितलं की याबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही. सकाळपर्यंत तपासनिसाचा निरोप हजर: “दाखला उत्तम. तथापि शाई कमी लागल्याने अनुस्वार उमटला नसण्याची शक्यता आहे. दुसरी प्रत पाहावी. शके १७७९ चा महिना कळल्यास बरे.”

दुसरी प्रत गावातच निघाली. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयात. दुपारी बाराला मी डोक्याला पंचा गुंडाळला, आईने खिशात कांदा कोंबला, आणि बडकस चौकात गाडी लावायला जागा शोधता शोधता अर्धा कांदा शिजला. वाचनालयात पंखा होता, पण तो ग्रंथपालांच्या डोक्यावर. त्यांनी कपाट उघडलं, चोपडी वर्तमानपत्रावर ठेवली आणि बजावलं, “हात नका लावू भाऊ. पानं मी उलटवतो. पापडासारखी झालीत.”

पान एकतीस. तळाकडून चौथी ओळ. मी भिंग लावलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ‘ही’च्या वेलांटीवर टिंब होतं. बारीक, काळपट, जागच्या जागी, कुणी मोजून ठेवावं तसं. नऊ दिवसांचा घाम त्या टिंबाने पुसून टाकला. मी मोठा उसासा सोडला.

टिंब चालायला लागलं.

खसखशीच्या निम्म्याहून लहान किडा होता. तो ‘नाही’वरून उतरला, दोन शब्द तिरका गेला आणि खालच्या ओळीतल्या ‘ते’च्या मात्रेशेजारी जाऊन थांबला. तिथे माझ्या डोळ्यांदेखत ‘ते’चं ‘तें’ झालं. म्हणजे हत्तीवरून चाललेले चांगले चार पुरुष नपुंसकलिंगी एकवचनात गेले. मग त्याला तेही पटलं नसावं, तो समासातून निघून गेला.

“पाहिलंत ना?” मी ओरडलो. “टिंब नाही आहे! तुम्ही साक्षीदार आहात!”

“काय होऊन राहिलं तुम्हाला?” ग्रंथपाल म्हणाले. “पाणी प्या आधी.”

पाणी न पिता मी पुन्हा भिंग लावलं. किडा जिथून उठला होता, तिथे आता ना टिंब होतं ना कोरा कागद. भोक होतं. टाचणीच्या टोकाएवढं, काठ कुरतडलेलं, आरपार. त्यातून पान तेहेतीसच्या कुठल्याशा अक्षराची शाई दिसत होती. या किड्याने, किंवा त्याच्या पणज्याने, खाल्लं ते छापलेलं टिंब होतं की नुसता कागद, हे आता त्याच्या पोटालाच माहीत.

ग्रंथपालांनी चोपडी उचलून कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि नोंदवही पुढे सरकवली. नाव, पत्ता, पुस्तकाचा क्रमांक, आणि शेवटचा रकाना: ‘हवी ती माहिती मिळाली का?’ मी लिहिलं, ‘नाही’. लिहिता लिहिता वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. कोणा आजोबांनी थरथरत्या हाताने, शाईच्या पेनने लिहिलं होतं, ‘नाहीं’.

ग्रंथपाल खिडक्या लावायला गेले तेवढ्यात मी त्यावर हळूच फुंकर मारून पाहिली. हललं नाही.