एका छताखालच्या दोन मंडळ्या आणि आत्याला आलेला संदेश

इंग्लंडच्या खेड्यांतील काही जुन्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये आता मेथॉडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळीही उपासना करतात. म्हणजे ती चर्च विकली गेली, तिथली लग्ने बेकायदा ठरली, तिथला बाप्तिस्मा व्यर्थ गेला आणि मेथॉडिस्ट तर चर्चचे जुने वैरी, असा संदेश फिरत फिरत अहिल्यानगरच्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला. तिच्या नातवाचा बाप्तिस्मा अशाच एका दगडी चर्चमध्ये झालेला असल्यामुळे, तो पुन्हा द्यावा लागेल का, हे विचारायला तिने रात्री रडवेल्या आवाजात फोन केला.

म्हणून आधी बाप्तिस्म्याचेच सांगतो. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा ही दोन्ही चर्च एकमेकांचा मानतात, आणि तो आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो. तेव्हा तो पुन्हा द्यायला सांगणे हेच दोघांच्याही शिकवणीविरुद्ध आहे. ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आत्या सभासद आहे, ते तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाले तेच अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेतील मेथॉडिस्ट आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन. इंग्लंडमध्ये एक इमारत वापरल्याने बाप्तिस्मा बाटत असेल, तर इथे सगळी चर्चच एक झाली त्याचे काय म्हणायचे? आजीच्या मनात नातवाविषयी अशी भीती घालणे मला अक्षम्य वाटते.

विक्रीचा आरोप १९६९ च्या चर्च इमारतींच्या सामायिक वापराविषयीच्या ब्रिटिश कायद्यापुढे टिकत नाही. त्यानुसार लेखी करार होतो, आणि अभिषेक झालेले जुने चर्च वापरायचे असल्यास मालकी एकट्या चर्च ऑफ इंग्लंडकडेच राहते. ती सामायिक करायची तर वेगळी मंजुरी लागते. अशा इमारतींतील लग्नांची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

मेथॉडिस्ट हे चर्चचे जुने वैरी, हा मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना १७४२ मध्ये त्यांच्या जन्मगावी, एपवर्थच्या चर्चमध्ये बोलू दिले नाही, तेव्हा त्यांनी आवारातील वडिलांच्या थडग्यावर उभे राहून उपदेश केला, हे खरे. तरी १७९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अँग्लिकन धर्मगुरूच होते.

उपासकांची संख्या घटली आहे आणि छपराची दुरुस्ती एकट्या मंडळीला झेपत नाही म्हणूनही असे करार होतात, हे मात्र मान्य करावे लागते. २००३ मध्ये दोन्ही चर्चनी एकोप्यासाठी परस्पर करार केला, तरी मेथॉडिस्ट पाळकाला अँग्लिकन विधीने प्रभुभोजन देण्याची सरसकट मुभा अजून मिळालेली नाही, हेही खरे. पण आत्याच्या नातवाच्या बाप्तिस्म्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.