नवस सासूबाईंचा, तळपाय माझे

नवस बोलताना सासूबाईंनी माझ्या पायांना विचारलं नव्हतं. मेव्हण्याला दोन वर्षं नोकरी लागत नव्हती, म्हणून मागच्या श्रावणात त्यांनी त्र्यंबकराजापुढे पदर पसरला आणि सांगून टाकलं, "माझ्या पोराला कामाला लाव, जावई अनवाणी फेरी करतील." पोरगाच का नाही करणार, असं मी बायकोला विचारलं. "त्याचा पाय नाजूक आहे हो," ती म्हणाली. सहावीत असताना त्याच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, तेवढीच त्याच्या पायाची वैद्यकीय पार्श्वभूमी.

देवाने काम चोख केलं. पहिल्या पगारात मेव्हण्याने आईला साडी घेतली, बहिणीला कुकर घेतला आणि स्वतःला डोंगरात चालायचे बूट घेतले. मला काही घेतलं नाही. अनवाणी माणसाला घेणार तरी काय!

फेरी म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी अर्धं नाशिक त्र्यंबकला लोटतं. लहान फेरी साधारण 20 किलोमीटरची आणि मोठी 40 ची. सासूबाईंनी देवापुढे नुसतंच 'फेरी' म्हटल्यामुळे कायद्यात फट राहिली होती. बायकोची वकिली लावून मी लहानीवर तडजोड करून घेतली. पण ऐन निघताना सासूबाईंनी पोटनियम काढला, "नवस घरच्या उंबऱ्यापासून असतो, जावईबापू." म्हणजे चपला घरीच. पहाटे चारला सिडकोतून मी अनवाणी रिक्षात बसलो, सीबीएसच्या बसस्टँडवर अनवाणी उतरलो आणि त्र्यंबकच्या जादा गाडीत चढलो. चढताना माझ्या पायावर पहिला बूट पडला, तो मेव्हण्याचाच.

कुशावर्तात बुडी मारली. पाणी इतकं गार की पापं गेली की नाही ते कळलं नाही, दातखिळी मात्र बसली. मग "बम बम भोले"च्या गजरात निघालो. प्रयागतीर्थ आणि पुढे पहिन्याकडे जाणारा रस्ता डांबरी, वरून बारीक पाऊस, डावी-उजवीकडे भाताची हिरवी खाचरं. 'हे एवढंच होय,' असं मी मोठ्याने म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.

डांबर संपलं आणि खडी लागली.

सह्याद्रीचा हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, असं शाळेत शिकलो होतो. इतक्या वर्षांत तो थंड झाला असेल, पण त्याच्या कडा कोणी घासलेल्या नाहीत. मोठा दगड एक वेळ परवडतो, कारण तो दिसतो. चिखलात लपलेली चिंचोक्याएवढी कच मात्र बरोबर टाचेच्या मधोमध भेटते, आणि तोंडातून भोलेनाथाऐवजी भलतंच नाव निघतं. वर बघावं तर ढगांत अर्धा बुडालेला ब्रह्मगिरी, काळ्या भिंतीवरून उतरणारे पांढरे धबधबे. पण हे मला मेव्हण्याने सांगितलं. मी दिवसभर खालीच बघत होतो. माझ्या डोळ्यांनी ब्रह्मगिरी म्हणजे फार तर दीड फूट रुंदीचा डोंगर.

मेव्हण्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. "दाजी, अकरा हजार झाली!" थोड्या वेळाने, "दाजी, बारा हजार!" त्याच्या बुटाखाली खडी कशी कुरकुरीत वाजत होती, पोह्याच्या पापडासारखी. माझ्या पायाखाली वाजत काहीच नव्हतं, आवाज काय तो माझाच.

एक आजी मला सारख्या ओलांडत होत्या. सत्तरीच्या तरी असतील. विटकी नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात कापडी पिशवी, पाय अनवाणी आणि तळव्यांना अशा भेगा की त्यात कच शिरायला घाबरावी. त्या चहाला थांबायच्या, गप्पा मारायच्या, आणि तरी दहा मिनिटांत माझ्या पुढे. चौथ्यांदा ओलांडताना थांबल्या, माझी नाचरी चाल बघितली आणि म्हणाल्या, "पाव्हनं, मधून कशाला नाचत चाललात? कडंकडंनं गवतातून चाला. आन पाय आपटू नका, ठिवा." गवतात खरंच मऊ होतं. तीन तास माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि मी म्हणे पदवीधर.

उपवासाचे मात्र हाल नव्हते. मंडळांनी जागोजाग केळी, चहा, साबुदाण्याची खिचडी मांडली होती. मी सात केळी खाल्ली. भूक नव्हती, पण केळं सोलताना उभं राहता येतं. आठव्याला हात घातला तेव्हा वाटणारा पोरगा म्हणाला, "काका, मागच्यांना राहू द्या."

त्याच्याशेजारी बसलेले एक बाबा गौतम ऋषींची कथा सांगत होते. बाकीच्या ऋषींनी मत्सरापोटी कारस्थान रचलं, मायावी गाय गौतमांच्या शेतात घुसवली, त्यांनी दर्भाची काडी उगारली तर ती मरूनच पडली. गोहत्येचं पाप गौतमांच्या माथी. मग ब्रह्मगिरीवर तप, आणि त्या तपाने गोदावरी खाली आली. लोक हात जोडून ऐकत होते. मला ते प्रकरण फार ओळखीचं वाटलं. काडी कोणी लावली आणि तप कोणाच्या वाट्याला आलं! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. हो, त्याही फेरीला होत्या. पायात सँडल होते, कारण स्वतःसाठी त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

दुपारी दोनच्या सुमाराला परत त्र्यंबकमध्ये शिरलो. दर्शनाची रांग बघून कळसालाच हात जोडले. कुशावर्तावर पाय धुवायला उतरताना मेव्हण्याने बूट काढून पायरीवर ठेवले. मला काढायला काही नव्हतं. मी पाण्यात पाय सोडून बसलो. तळव्यांचा जो काही जाळ शांत झाला, त्यापुढे पुण्यबिण्य सगळं फिकं.

वर आलो तर पायरी रिकामी.

अर्धा तास शोधलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे रे, बूट गेले म्हणजे पीडा गेली." बसस्टँडपर्यंतचा रस्ता चिखल आणि खडीचा होता. घड्याळ आता मुकं झालं होतं. चार पावलं टाकून मेव्हणा थांबला, एक पाय वर धरून माझ्याकडे बघत म्हणाला, "दाजी, हे फार टोचतंय हो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हनं," म्हटलं, "कडंकडंनं चाला."