घोड्याच्या बिल्ल्याला ‘नकली’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मी दाखवलेला किंग्ज रेजिमेंटचा (ही ब्रिटिश पायदळाची पलटण) टोपीवरचा, घोड्याचं चित्र असलेला बिल्ला नकली आहे, कारण तो मूळ बिल्ल्यापेक्षा मिलिमीटरभर लहान, अक्षरं पुसट, मागच्या, पिन अडकवायच्या कड्या वाकड्या, आणि मी नवख्यांची दिशाभूल करतोय. शेवटचा आरोप अर्धा मान्य. त्यावर येतोच.

आधी आकार. कारखान्यातला बिल्ला पोलादी ठशाखाली दाबून काढतात, म्हणून त्याच्या कडा धारदार. युद्धाच्या आघाडीजवळ कारखान्यातला माल मिळेना, की ओतारी हाताशी असलेला बिल्ला वाळूत दाबायचा आणि त्या साच्यात पितळ ओतायचं. पितळ निवताना साधारण दीड टक्का आकसतं. 40 मिमीमागे अर्धा-पाऊण मिमी तिथेच गेला. खरखरीत पाठ, बुजलेली अक्षरं हीसुद्धा वाळूचीच करणी. तुम्ही दोष म्हणून मोजलंत, त्या ओतकामाच्या खुणा आहेत.

पण अख्खा मिलिमीटर? इथे मात्र तुम्ही मला पकडलंत. एवढी घट म्हणजे साच्याला वापरलेला नमुनाच बहुधा ओतीव होता. नकलेची नक्कल. ती युद्धातही निघू शकते आणि गेल्या वर्षीही.

म्हणून अशा बिल्ल्यात घडण बघून भागत नाही, झीज बघावी लागते. याची डावी कडी आतून, पिन घासते नेमकी तिथेच, पातळ झालीय. घोड्याचं पोट गुळगुळीत आहे, पण पायांच्या बेचक्यात पॉलिशची पांढरी पुटं वाळून बसलीत. कानशीचे ओरखडे बोटाला लागत नाहीत. रसायनात बुडवून ‘जुना’ केलेला बिल्ला उंचसखल सगळीकडे सारखाच काळवंडतो. हा तसा नाही. कोणीतरी तो बराच काळ वापरलाय, एवढं मी छातीठोक सांगेन.

चूक केली ती पुढे. ‘चिंडिट सैनिकाचा बिल्ला’ असं लिहून मोकळा झालो. चिंडिट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे घुसून लढलेलं ब्रिटिश सैन्य. त्यांच्या 1943 च्या पहिल्या मोहिमेत किंग्जची 13वी बटालियन होती, हे खरं. पण त्यावरून हाच बिल्ला तिथल्या कुणाच्या टोपीवर होता असं ठरत नाही. ते वाक्य खोडलंय.

‘सरकारी बिल्ला इतका भिकार नसतो’ हे तुमचं म्हणणं मात्र पटलं नाही. 1916 मध्ये निकेल वाचवायला ब्रिटिशांनी एरवी दोन धातूंत होणारे बिल्ले नुसत्या पितळेत काढले. दुसऱ्या महायुद्धात तर चक्क प्लॅस्टिकचे!

कापडी बिल्ला जुना की नवा हे अतिनील दिव्याखाली धरून ठरत नाही, हेही तुमचं बरोबर. धागा चमकला नाही म्हणजे जुना, असं नाही. चमक देणारं द्रव्य नसलेलं सूत आजही मिळतं. उलट खरा बिल्ला कोणी आजच्या साबण-पावडरीत धुतला, तर तोही लख्ख चमकतो.

मागच्या बाजूचे फोटो आज रात्री टाकतो. तुमच्याकडे ठशाचा बिल्ला असेल, तर घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं माप तेवढं कळवा. कॅलिपरने घ्या, पट्टीने नको.